नाव घेऊन गायलेलं गाणं

"अहो, रडताय कशाला? वांगं भाजतंय, तुमचं कुणी नातेवाईक नाही!"

प्रमिलेनं पदरानं डोळे पुसले आणि वर पाहिलं. समोर एक उंच मुलगा उभा. बाह्या दुमडलेल्या, नाकाला राख लागलेली, हातात काठी आणि तोंडावर असं हसू, की एक ठेवून द्यावीशी वाटावी.

डिसेंबरातली सकाळ होती. जळगावच्या कॉलेजातल्या मराठीच्या मुलामुलींची भरीत-पार्टी असोद्याच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात चालली होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर फुटणारी हिरवी वांगी, आणि वारा नेमका प्रमिलेच्या अंगावर. ती बिचारी मिरच्या निवडायला बसली होती. डोळे चुरचुरत होते, नाक वाहत होतं, आणि हा कोण कुठला येऊन थट्टा करतोय!

"धूर आहे. दिसत नाही का?"

"दिसतोय ना. डोळ्यांतून नुसती गिरणा वाहतेय."

"अतिशयोक्ती," प्रमिला फणकारली. "आणि तीही चुकीची. गिरणेला आत्ता घोटाभर पाणी नाही."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"आमच्या मागच्या दारातून दिसते ती. बोरखेडीची आहे मी."

मुलाच्या हातातली काठी तशीच थांबली. "बोरखेडी? म्हणजे... अखाजीला आम्हाला शिव्या घालणाऱ्या त्या तुम्ही?"

"तुम्ही हिंगण्याचे?"

"हिंगण्याचाच. अभिमन." मग जरा पुढे वाकून, हळूच — "दोन वर्षांपूर्वी ते वठलेल्या बाभळीचं गाणं कुणी केलं होतं हो? आमच्या बायका महिनाभर दातओठ खात होत्या."

प्रमिलेनं खाली मान घालून मिरचीचा देठ तोडला. पण ओठांचा कोपरा हलला, आणि त्या पठ्ठ्यानं तो बरोबर टिपला.

"तुम्हीच!" तो म्हणाला. "अरे देवा. म्हणजे शत्रूच्या हातची मिरची खायची आज."

आता ज्यांनी खानदेशातली अखाजी पाहिली नाही, त्यांना हे शत्रू प्रकरण कळायचं नाही. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, गौराईची गाणी होतात. बोरखेडी आणि हिंगणे या दोन गावांमध्ये गिरणेचं कोरडं पात्र. त्या दिवशी अल्याडच्या बायका अल्याडच्या काठावर, पल्याडच्या पल्याडच्या काठावर, आणि मधल्या वाळूवरून एकमेकींना गाण्यातून असं काही सुनवायचं, की बस्स! आपलं गाव सोन्याचं, तुमचं गाव शेणाचं. आमचा आंबा रसाचा, तुमचा आंबा किडका. संध्याकाळी घसे बसेपर्यंत हा गर्वाचा बाजार चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका नदीत भेटून एकमेकींना सांजोऱ्या द्यायच्या. राग नाही, रुसवा नाही. फक्त एक नियम होता, दोन्ही गावांनी पाळलेला. जे बोलायचं ते झाडावर बोला, पाखरावर बोला, विहिरीवर बोला. माणसाचं नाव घ्यायचं नाही. ज्याला समजायचं ते समजतं, आणि ज्याला समजायचं नाही त्याला हसून पुढे जाता येतं.

प्रमिला वयाच्या बाराव्या वर्षापासून बोरखेडीची गाणी जुळवत होती. वडील वनाआप्पा शाळेत फारसे गेले नव्हते, पण लेकीचं गाणं काठावर रंगलं की ओट्यावर बसून मिशीत हसायचे. आणि प्रमिलाही काही कमी नव्हती. हरणं म्हणजे काय, ते तिला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी भरीत फार छान झालं. अभिमननं पुरीवर वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून खरंच पाणी आलं त्याच्या.

"आता कशी वाहते गिरणा?" प्रमिलेनं विचारलं.

"पूर आलाय," तो हाश्शहुश्श करत म्हणाला. "ही मात्र अतिशयोक्ती नाही हं!"

*

तो शेवटच्या वर्षाला, ती दुसऱ्या. मराठीचा तास संपला की व्हरांड्यात गाठ पडायची. आधी आपोआप, मग आपोआप पडल्यासारखी. त्याला अलंकार भारी येत. प्रमिलेनं इतकी गाणी जुळवली, पण आपण काय करतो त्याला नाव असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तो सांगायचा, ती ऐकायची — आणि ऐकता ऐकता त्याच्या हातवाऱ्यांकडेच बघत राहायची.

"वठलेल्या बाभळीवर गाणं केलंस आणि ते बसलं आमच्या पाटलिणीला. याला म्हणतात अन्योक्ती."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आम्ही याला टोमणा म्हणतो," प्रमिला म्हणाली.

"टोमणा कुणीही मारतं. अन्योक्तीला आडोसा लागतो. समोरच्याची अब्रू झाकून मारायचं."

"आणि कवी स्वतःचीच टिमकी वाजवतात, त्याला काय म्हणतात? सर सांगत होते ना आज... मी बोललो की शब्द हात जोडून उभे राहतात, वगैरे."

"गर्व."

"तो अलंकार आहे?"

"माझ्या अंगावर तर शोभतो," अभिमन कॉलर ताठ करून म्हणाला. "माझं नावच घे ना!"

"तुझ्या अंगावर शर्टसुद्धा धड शोभत नाही," म्हणून प्रमिला हसत सुटली. व्हरांड्यातून जाणाऱ्या दोघी मुलींनी वळून पाहिलं. पाहू देत! तिला त्या दिवसांत कशाचीच फिकीर नव्हती.

सुट्टीत दोघं एकाच एसटीनं धरणगावपर्यंत यायची. मग तिथून आपापल्या गावची वाट, नदीपर्यंत बरोबर. एकदा फाल्गुनात अशीच चालली होती. नदीत गुडघाभर वाळू, मध्ये एक बारीकशी धार. प्रमिलेनं चपला हातात घेतल्या. अभिमनही थांबला. पलीकडे बोरखेडीचे कौलारू माथे दिसत होते.

"आबांचं नाव माहितेय तुला? माझ्या वडिलांचं?" त्यानं अचानक विचारलं.

"उखर्डूआबा. कोणाला माहीत नाही?"

"का ठेवलं, ते माहितेय?"

प्रमिलेनं मान हलवली. अशी नावं गावोगाव होती. कोण विचारत बसतं!

"आजीची मुलं जगत नव्हती," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "एक गेलं, दुसरं गेलं, तिसरंही. मग आबा झाले, तेव्हा म्हाताऱ्या बायांनी सांगितलं म्हणून तिनं पहाटे ते बाळ सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं, घरी आणून दिलं — घे गं बाई, सापडलंय, पाळ. म्हणजे यमाला वाटावं हे कुणाचंच नाही. टाकलेलं आहे. त्यानं नेऊ नये."

"आणि जगले."

"जगले. पण आजी अजून भिते गं. चारचौघांत आबांना 'माझा मुलगा' म्हणत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, हा सापडेल पोऱ्या शे, सापडलेला मुलगा आहे. आबांना पन्नाशी आली, तरी ती असंच म्हणते. आणि घरी कोणी नसलं की त्यांच्या डोक्यावरून हात फिरवते."

प्रमिलेच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी धूर नव्हता. तिनं त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. धार ओलांडेपर्यंत सोडला नाही.

पलीकडच्या वाळूत पोचल्यावर तो म्हणाला, "अखाजी झाली की आबा येतील तुमच्याकडे. बोलणी करायला. मी घरी सांगितलंय. आजी तर गाणारीण सून म्हणून आत्तापासून हरखलीय."

"मला न विचारताच?"

"विचारतोय ना आता."

प्रमिलेनं चपला वाळूत टाकल्या, पायात सरकवल्या, आणि मग पाय नीट बसत नाहीत असं दाखवत बराच वेळ वाकून राहिली. चेहरा दिसू नये म्हणून.

"...येऊ देत," ती म्हणाली.

"पण आधी अखाजी आहे," तो मिश्कीलपणे म्हणाला. "यंदा हरणार आहेस तू."

"कोण हरवणार? तुमच्या त्या बायका?"

"बघशील."

*

अखाजीच्या दिवशी ऊन असं, की वाळूकडे बघवत नव्हतं. पण बायकांना कुठलं ऊन नि काय! बोरखेडीच्या काठावरच्या चिंचेला तीन झोके लागले होते. पलीकडे हिंगण्याच्या निंबाखाली रंगीत लुगड्यांची गर्दी. त्या गर्दीच्या पुढे, खुंटावर, एक पांढऱ्या केसांची म्हातारी काठी घेऊन बसली होती. भिकुबाई. अभिमनची आजी. नातसून होणारी पोर कशी गाते, ते ऐकायला मुद्दाम आली होती. प्रमिलेनं तिला ओळखलं आणि उगीच पदर सारखा केला.

गाणी रंगली. आंब्यावर झाली, विहिरीवर झाली, बैलावर झाली. प्रमिला झोक्यावरून ओळ टाकायची आणि मागच्या पन्नास बायका ती उचलायच्या. हिंगण्याकडून उत्तरं येत होती, पण नेहमीचीच, गेल्या वर्षीचीच फिरवलेली. प्रमिलेच्या मनात आलं, झालं, जिंकलंच आपण.

आणि तेव्हा पलीकडून अभिमनची धाकटी बहीण लता पुढे आली. तिच्या खणखणीत आवाजात गाणं आलं —

*पल्याडनी कोकिळा, ऐट तिनी भारी वं,*
*पंख तिले दिन्हात आम्हनाच दारी वं!*

हिंगण्याच्या बायका टाळ्या पिटत नाचायला लागल्या. बोरखेडीच्या बायका गप्प झाल्या. कारण गाणं चांगलं होतं. पंख तुला आमच्याच दारानं दिले! प्रमिलेला एका क्षणात कळलं की हे लतेचं नाही. हे त्याचं आहे. निंबाच्या मागे कुठंतरी तो उभा असणार, तोच थट्टेखोर हसरा चेहरा घेऊन. बायकांच्या खेळात पुरुषानं नाक खुपसायचं नसतं, आणि यानं खुपसलं. तेही काय म्हणून? तर हिला गाणं मी शिकवलं म्हणून!

त्याला गंमत वाटली होती. त्याला वाटलं होतं, ती हसेल आणि असंच काहीतरी झकास परत फेकेल. पण प्रमिलेच्या कानात नुसतं तेच घुमत होतं. आम्हनाच दारी... आम्हनाच दारी...

"काय वं प्रमिला, गप का?" शेजारची काकू म्हणाली. "दे ना उत्तर!"

पन्नास बायका तिच्याकडे बघत होत्या. वनाआप्पा ओट्यावरून बघत होते. झोका मागे गेला, पुढे आला, आणि त्या तेवढ्या वेळात तिच्या मनात एक चित्र उभं राहिलं. ताठ तुऱ्याचा कोंबडा. उकिरड्यावर चढून आरवणारा. इतकं नेमकं, इतकं गच्च बसणारं चित्र, की तिचं तिलाच नवल वाटलं. हे गायचं नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. खोटं कशाला सांगायचं? कळलं होतं. तिला थांबता आलं असतं. पण चित्र फार सुरेख होतं, आणि एवढं सुरेख चित्र गिळून टाकायचं बळ तिच्यात नव्हतं. आडोशाला कोंबडा तर होताच. तेवढ्यावरसुद्धा भागलं असतं. पण तिला ते नेमकं त्यालाच लागायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही, आणि तिनं नाव घेतलं.

*हिंगण्याना अभिमन कोंबडा, तुरा त्याना ताठ वं,*
*बाप उचला उकिरडाथून, पोऱ्याना देखा थाट वं!*

बोरखेडीच्या काठावर असा काही हलकल्लोळ उठला, की चिंचेवरची पाखरं उडाली. पुन्हा म्हण! पुन्हा म्हण! पन्नास गळ्यांनी ते गाणं उचललं. प्रमिला झोक्यावर उभी होती, छाती धपापत होती, आणि काय सांगावं... तिला आनंद झाला होता.

पलीकडे टाळ्या थांबल्या होत्या. मग खुंटावरची म्हातारी उठली. काठी न घेताच उठली. दोन पावलं वाळूत आली आणि फुटक्या आवाजात ओरडली —

"मना पोऱ्या शे तो! मना पोटना शे! कोठे सापडेल नही तो!"

तो आवाज नदी ओलांडून आला. बोरखेडीच्या बायका गाता गाता थांबल्या. आणि त्या शांततेत भिकुबाईला कळलं की आपण काय बोलून बसलो. पन्नास वर्षं जे तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते आज दोन गावांपुढे ओरडून सांगितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, तिथंच वाळूत बसली, आणि लता तिच्याकडे धावली.

प्रमिलेचा झोका हळूहळू आपोआप थांबला.

*

दुसऱ्या दिवशी सांजोऱ्या द्यायला हिंगण्याच्या बायका नदीत आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी एकटी लता आली. डोळे सुजलेले.

"दादानं निरोप दिलाय," ती दारातूनच म्हणाली. "आबांना काल दुपारपासून ताप भरलाय. उन्हाचा असेल. पण आजीनं अंथरूण धरलंय. म्हणते, मी माझ्या तोंडानं यमाला पत्ता सांगितला."

प्रमिला उंबऱ्यापाशी आली. "मग... मी काय करू?"

"दादा म्हणतो, तू एकदा ये. काही बोलू नको. आजीजवळ नुसती बस. गाणं होतं, खेळ होता, असं तिला तुझ्याकडून कळलं की तिचा जीव शांत होईल. बाकीचं तो बघतो. बोलणीही होतील म्हणतो."

जायचं, एवढंच होतं. मधे एक कोरडी नदी. प्रमिलेनं पदर खोचला. दोन पावलं पुढेही टाकली. आणि मागून काकूचा आवाज आला, "काय वं, गाण्यात जिंकलेली पोर पाया पडायला चालली काय?"

पाऊल थांबलं.

"गाण्यातलं गाण्यात," प्रमिला लतेला म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "सुरुवात कुणी केली? त्यानं आधी येऊन कबूल करावं की गाणं त्यानं रचून दिलं. मग मी येईन."

लता तिच्याकडे बघत राहिली. "दादा तिथं नदीतच उभा आहे गं, धारेपाशी. तू आलीस की बरोबर न्यायला."

प्रमिलेनं मागच्या दारातून पाहिलं. उन्हात एक उंच आकृती उभी होती. तिनं दार लोटून घेतलं. पण आत गेली नाही. फटीतून बघत राहिली, तो जाईपर्यंत. तो फार उशिरा गेला.

उखर्डूआबांचा ताप उतरला. पण बोलणी करायला कुणी आलं नाही. कसं येणार? ज्या घरच्या लेकीनं मुलाचं नाव घेऊन आपला उकिरडा गायला, त्या घरची पायरी आबा कशी चढणार? वनाआप्पांनी लेकीला काही विचारलं नाही. पण मिशीतलं हसू मात्र पुन्हा दिसलं नाही.

*

निकाल लागल्यावर, जूनमध्ये, जळगावच्या एसटी स्टँडवर तो भेटला. हातात वळकटी आणि पत्र्याची पेटी. धुळ्याला बी. एड.ला जागा मिळाली होती, आणि तिथल्याच एका शाळेत अर्धवेळ नोकरी. तोंड उतरलं होतं, पण तिला पाहताच डोळे उजळले — तेवढं तिनं पाहिलं, आणि तिचंही काळीज हललं.

"मी कबूल करायला येणारच होतो," तो म्हणाला. "गाणं मीच दिलं होतं लतेला. नको द्यायला होतं. चुकलो मी. झालं?"

एवढंच तर तिला हवं होतं. महिनाभर ती हेच घोकत होती, की त्यानं असं म्हटलं की आपण असं म्हणू. आणि आता तो म्हणाला, तर ती त्याच्या पेटीच्या कडीकडे बघत राहिली.

"आजी अजून आबांना नजरेआड होऊ देत नाही," तो पुढे म्हणाला. "शेतात गेले की बांधावर जाऊन बसते. प्रमिला, तू एकदा जा तिच्याकडे. मी नसलो तरी जा. ती तुझी वाट बघते. मीही... बघेन."

चहाच्या टपरीपाशी कॉलेजातल्या दोन मुली उभ्या होत्या. त्या कान देऊन ऐकतायत, असं प्रमिलेला वाटलं. ऐकत होत्या की नाही, देव जाणे. तिनं हनुवटी वर केली.

"माझी मान म्हणजे काही ज्वारीचं कणीस नाही, भरलं की वाकायला."

अभिमनच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू येऊ घातलं, अर्ध्यात थांबलं.

"छान जमलीय उपमा," तो म्हणाला.

"उपमा नाही. रूपक आहे."

"हो." त्यानं पेटी उचलली. "रूपक."

कंडक्टरनं घंटी दिली. धुळ्याची गाडी धूळ उडवत निघाली, आणि तिच्या खिडकीत तो कुठं बसला, तेही तिला दिसलं नाही. भरलेलंच कणीस वाकतं, पोचटाचा ताठा जात नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला हवं होतं? पण हे तिच्या लक्षात आलं ते गाडी गेल्यावर. तोवर बोलून झालं होतं, आणि त्याची चूक शुद्ध करूनसुद्धा झालं होतं.

*

पुढच्या अखाजीला प्रमिलेनं झोक्यावर पाय ठेवला नाही. घसा बसलाय, म्हणाली. दुसऱ्याच कुणीतरी गाणी म्हटली, आंब्याची, विहिरीची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं तापायच्या आत, ती कुणाला न सांगता मागच्या दारानं निघाली. नदी ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो! चपला हातात घेईपर्यंत धारसुद्धा संपली. वर्षभर तिनं हे एवढंसं अंतर मनात किती लांब करून ठेवलं होतं.

हिंगण्याचं घर जुन्या बांधणीचं, बुटकं. आत शिरताना तिला चांगलंच वाकावं लागलं.

भिकुबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन शे?"

"मी... बोरखेडीची. वनाआप्पांची प्रमिला."

म्हातारीचा हात सुपात थांबला. प्रमिला खाली बसली, आणि डोकं तिच्या पायावर ठेवलं, तसं वर्षभराचं सगळंच बाहेर आलं. म्हातारीनं तिला रडू दिलं. मग खरखरीत हात तिच्या पाठीवरून फिरवला, लेकीला उगी करावं तसा.

"उग्गी राय, आंडेर. उखर्डूले काय व्हयनं नही. वावरमा जायेल शे."

"आजी, तुम्हाला लागलं ना?"

"लागनं ना, काब्रं नही लागाव?" भिकुबाई सरळ म्हणाली. "पन खेळ शे तो. आठ रोजमा मी इसरी जाती, तू येती तं. तुनी वाट देखी मी. दिवाळीलोंग देखी. त्यानी बी देखी..."

आतून बांगड्यांचा आवाज आला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन एक कोवळी मुलगी बाहेर आली. हातावर लग्नाच्या मेंदीचा रंग अजून होता. हिरवा चुडा.

"मनी नातसून," भिकुबाई हळू म्हणाली. "सुनंदा. शिंदखेड्यानी शे. गया महिनामा लगन व्हयनं."

प्रमिलेनं तांब्या घेतला. पाणी प्यायली. सगळं पाणी प्यायली, म्हणजे काही बोलावं लागू नये.

"तुम्ही बोरखेडीच्या प्रमिलाताई का?" मुलीचे डोळे चमकले. "गाणी जुळवता त्या? लताताई सांगत होत्या, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही!"

तिला काही ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. या घरानं ते गाणं सुनेपर्यंत पोचू दिलं नव्हतं.

"ताई, माझं एक काम कराल?" सुनंदा जवळ येऊन बसली, आवाज खाली घेऊन. "संध्याकाळी हळदीकुंकू आहे, त्यासाठीच यंदा अखाजीला माहेरी धाडलं नाही मला. सगळ्या जणी मला नाव घ्यायला लावणार. मला एक उखाणा द्या ना करून! पण सोपा हं. ते अलंकार-बिलंकार नको. घरात एक आहेत तेवढे पुरेत, धुळ्याहून आले की तेच चालू असतं त्यांचं!"

भिकुबाईनं पटकन नातसुनेला गप्प करायला हात उचलला. प्रमिलेनं म्हातारीकडे पाहून मान हलवली. असू दे, आजी.

तिनं डोळे मिटले. ओळी यायला वेळ लागला नाही. कधीच लागत नसे.

"म्हणा बघू," सुनंदा म्हणाली. "म्हणजे मला पाठ होईल. चालीसकट म्हणा."

शिकवायचं तर आधी स्वतः म्हणून दाखवायला हवं. प्रमिलेनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि म्हणून दाखवलं —

"वाकून यावं आत, ठेंगणं इथलं दार,
अभिमनरावांच्या संगतीनं सुखाचा संसार."

"अय्या!" सुनंदानं टाळी वाजवली. "खरंच की! पहिल्याच दिवशी डोकं आपटलं होतं माझं या दारावर." आणि मग प्रमिलेच्या तोंडाकडे बघून ती खुदकन हसली. "ताई, नाव माझ्या नवऱ्याचं, आणि लाजलात तुम्ही!"

प्रमिलेनं मान खाली घातली. भिकुबाईनं सूप पुढे ओढलं आणि तांदळातले खडे वेचू लागली, भराभरा, एकही दिसत नसताना.

"मी नाही बाई लाजणार," सुनंदा म्हणाली. मांडी सावरून ती ताठ बसली, आणि एकदाही न अडखळता सगळा उखाणा म्हणून गेली. "बरोबर आला ना, ताई?"

"बरोबर आला," प्रमिला म्हणाली. "अगदी असाच म्हण."